परेशच्या सव्वीस ओळी

परेशने पाठवलेल्या एक्सेल शीटमध्ये खर्चाच्या सव्वीस ओळी होत्या आणि यशोधन सकाळपासून त्या एकेक करून पुसत होता. परेश त्याच्याच कंपनीतला, उरणचा. नोकरी सोडून स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची कामं घ्यायची तर महिन्याला घरात किती लागतील, हा हिशोब त्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःसाठी मांडला होता. उत्तर आलं दोन लाख दहा हजार. त्यामुळे परेश अजून नोकरीतच होता.

यशोधनला मात्र आजच ठरवायचं होतं. एका जर्मन कंपनीचं आठ महिन्यांचं काम समोर आलं होतं, पैसे तासावर, आणि होकार संध्याकाळी पाचपर्यंत हवा होता. चार वर्षं तो सगळ्यांना सांगत आला होता, "मनात खूप आहे रे, पण परवडायला नको?" आता एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून तो बोर्ली पंचतनच्या घरात ओटीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. वाडीत सुपारी सोलायला आलेल्या बायका केव्हाच जेवायला घरी गेल्या होत्या.

मुलांची शाळा. पुसली. बायकोचा आरोग्यविमा. पुसला. मुलीचा नाचाचा क्लास, सासुरवाडीचे आहेर, वाढदिवस. एकदम तिन्ही. दूध रोज दोन लिटर होतं, तिथे त्याने पाव लिटर केलं. त्यातलंही निम्मं मांजर प्यायचं. 'आईवडिलांची औषधं' या ओळीवर मात्र बोट जरा थांबलं. वडील आधीच गेले होते; गेल्या मे महिन्यात आई गेली, तोवर इथे साडेनऊ हजार लागत होते आणि तेव्हा ते डोईजड वाटायचे. तीही ओळ गेली.

मग त्याने आपल्या ओळी घातल्या. स्वतःचा विमा, सीएची फी, इन्व्हर्टरची बॅटरी, कारण बोर्लीत वीज कधी जाईल याचा नेम नाही. वर्षातले चार महिने काम मिळणारच नाही असं धरून त्याची तरतूदही घातली. अगदी हात सैल सोडून खर्च लावला, तरी बेरीज चौतीस हजारांच्या पुढे हलेना.

त्याने परेशला फोन लावला.

"चौतीस?" परेश ओरडलाच. "काय बोलतोस भावा! परत बघ, काहीतरी राहिलंय."

"काही राहिलं नाही. जे नव्हतं ते काढलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मुलगा चार्जर मागत होता, वहिनी त्याला दटावत होत्या. यशोधनने फोन कानाशी घट्ट धरला.

"मग अडलंय कुठे?" परेश म्हणाला. "तुला काय टेन्शन, तू सडाफटिंग! मला विचार."

"परेश, रविवारी या ना सगळे इकडे. वहिनींना, पोरांना घेऊन."

"येणार रे, नक्की येणार. पण या रविवारी प्राचीची नाचाची स्पर्धा आहे. पुढच्या महिन्यात बघू ना."

"बघू," यशोधन म्हणाला.

फोन ठेवल्यावर घर एवढं गप्प झालं की त्याला भडभडून आलं. चार वर्षं आपण पैशाला भीत होतो अशी त्याची समजूत होती. पैशाला भ्यायचं काही कारणच नव्हतं. त्याला नोकरी कधीही सोडता आली असती. अडवणारं कोणी नव्हतंच.

साडेचारला त्याने होकार कळवून टाकला.

मग शीटच्या तळाशी एक नवी ओळ घातली: पाहुणे, दरमहा पाच हजार. बेरीज एकोणचाळीस झाली. तरीही सहज जमत होतं.