सॅकमधल्या पट्ट्या

निवृत्त झाल्यापासून बाबांची पाठ वाकत चालली होती. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझारा, नजर फरशीवर. डॉक्टर म्हणाले, हाडांत काही दोष नाही. शेवटी लेकीने त्यांना आपल्या कारखान्यात नेलं.

"ट्रेकची नवी सॅक केलीय मी. जुनीत सगळा भार खांद्यांवर यायचा, माणूस पार कमानीसारखा वाकायचा. हिच्यात पाठीला लागून ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या घातल्यात, त्या भार कमरेवर उतरवतात. चालून बघा आणि खरं काय ते सांगा. इथल्या पोरांना माझ्यासमोर तोंड उघडवत नाही."

वाळूच्या पिशव्यांनी ठासून भरलेली सॅक चढवून बाबा निघाले. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, वळले, जिना चढून उतरले. मान वर, पाठ ताठ! लेक हरखून बघतच राहिली.

"खांद्याचा डावा पट्टा काखेत काचतोय, लिहून घे," बाबांनी लांबूनच फर्मावलं. "बाकीचं पुन्हा जिना चढून सांगतो."

तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या मावशी धावत आल्या. "अगं, थांबव त्यांना! पट्ट्या घालायच्याच राहिल्या. या बघ, माझ्याच हातात!"

लेकीने त्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग जिन्याकडे. बाबांचा फोन वाजला होता. भरल्या सॅकनिशी ताठ उभे राहून ते कुणाला तरी सांगत होते, "आत्ता नको रे, मागाहून बोलू. कामावर आहे मी."