प्योची पाठ

"उजव्या खांद्याला जपून," प्यो मान-हो म्हणाला.

क्वाक योंग-सिकनं पाठ चोळायची खरखरीत कापडाची पिशवी हातावर चढवली होती. तो थांबला. प्योच्या खांद्यावर आडवा काळानिळा वळ होता.

"हे काय झालं?"

"वय झालं. आणखी काय व्हायचं?"

दोघं कॉलेजपासूनचे मित्र. दर रविवारी सकाळी गुमी शहरातल्या सार्वजनिक न्हाणीघरात भेटायचे, गरम हौदात बसायचे आणि मग एकमेकांची पाठ चोळून द्यायचे. प्यो ज्या मोबाइल कंपनीत लागला, तिचं आणि क्वाकच्या कंपनीचं हाडवैर. म्हणून तरुणपणीच एक नियम झाला होता : न्हाणीत कामाचं बोलायचं नाही. दोघांनी तो इमानानं पाळला.

पण समोर बसलेल्या उघड्या माणसाकडं बघू नये, असा काही नियम नव्हता.

एप्रिल सुरू होता. क्वाकनं पाठ चोळता चोळता बघून घेतलं. डोळे सुजलेले. पावलं सुजलेली. बोटांच्या टोकांना डिंक चिकटलेला, तो साबणानंही निघत नव्हता.

"झोपतोस की नाही?"

"पहाटे निघावं लागतं. आता तुझी पाठ कर इकडं. आणि पोट आत घे, हौदातलं पाणी कमी झालंय."

सोमवारी संचालक ह्वांगबो यांनी क्वाकला बोलावलं. दोन्ही कंपन्या घडीचा फोन करत होत्या, पडद्यासकट मधोमध मिटणारा. जो आधी बाजारात येईल, त्याचा बाजार. जो मागं राहील, त्याला पैसा ओतण्यात वरच्यांना रस नव्हता. क्वाकच्या विभागाला हे स्पष्ट सांगितलेलं होतं. बावन्नाव्या वर्षी दुसरीकडं कुणी उभं करणार नाही, हे त्याला न सांगताच कळत होतं.

"काय म्हणतो तुमचा न्हाणीतला मित्र?"

"काही म्हणत नाही, साहेब."

"मग त्याची पाठ काय म्हणते?"

क्वाकनं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "बोटांना डिंक होता. पडद्याचे थर अजून हातानं चिकटवत असावेत. तो तिकडचा विभागप्रमुख. तो स्वतः हात लावतोय म्हणजे माणसं पुरत नाहीत. घाईत आहेत."

"तरीच," ह्वांगबो म्हणाले. "इतके महिने एक शब्द नाही त्यांचा. गप्प आहेत म्हणजे काहीतरी शिजतंय. आपण शरदात आणणार होतो ना? ऑगस्टमध्ये आणा."

त्या दिवसापासून विभागातले दिवे मालवलेच नाहीत. माणसं टेबलाखाली चटया टाकून झोपू लागली. क्वाक रविवारी तेवढा बाहेर पडायचा, न्हाणीपुरता. प्यो दर वेळी आणखी खंगलेला दिसायचा. एकदा तर हौदातच त्याचा डोळा लागला. क्वाकनं त्याची हनुवटी पाण्यावर धरून ठेवली आणि मनात म्हटलं, हे लोक आपल्याही पुढं निघालेत.

त्यानं तेही वर कळवलं.

चाचणीचं काम सन मि-ग्योंगकडं होतं. तिचं यंत्र फोन उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. जूनमध्ये ती एक फोन घेऊन आली.

"साहेब, घडीवर रेघ येतेय. आणखी एक महिना द्या."

"महिना त्यांच्याजवळ आहे. आपल्याजवळ नाही."

"त्यांच्या घडीवर येत नसेल का रेघ?"

"आली तरी ते थांबायचे नाहीत. माझं ऐक."

मि-ग्योंगनं फोन मिटला. "तुम्ही त्यांना ओळखता, साहेब. मी नाही," ती म्हणाली आणि गेली.

ऑगस्टमध्ये फोन बाजारात आला. दुकानांपुढं रांगा लागल्या. प्योच्या कंपनीकडून काहीच आलं नाही. ह्वांगबोंनी सगळ्या विभागाला गोमांस खाऊ घातलं. निम्मी माणसं शेगडीसमोरच पेंगली.

त्या रविवारी प्योनं पाठ चोळताना स्वतःहून नियम मोडला.

"फोन पाहिला तुझा. छान आहे."

क्वाकला मान वर करवेना. "तुमचंही होईल," तो कसाबसा म्हणाला.

प्यो हसला. "पाठ केवढी मळलीय तुझी. आधी ती होऊ दे."

सप्टेंबरअखेर पडदे घडीवर चिरू लागले. ऑक्टोबरात कंपनीनं सगळे फोन परत घेतले. नोव्हेंबरात क्वाकचा विभाग बंद झाला. मि-ग्योंग निरोप घ्यायला आली, वाकली आणि गेली. त्या रेघेचं बोलली असती तर बरं झालं असतं.

क्वाकनं न्हाणी सोडली. प्योला तोंड कसं दाखवायचं? आता प्योचे लोक सावकाश, नीटनेटका फोन काढतील. कुठली चूक करायची नाही, हे त्यांना आयतं कळलंच होतं.

बायकोला त्यानं काही सांगितलं नाही. पहाटेच टाय बांधून निघायचा. "नव्या फोनचं काम का?" ती विचारायची. तो मान हलवायचा. काही आठवडे नदीकाठच्या बाकावर बसून काढले. थंडी वाढली तसा तो वेग्वान गावाजवळच्या एका पार्सलच्या गोदामात नाव देऊन आला.

पहिल्या दिवशी त्यानं स्वच्छतागृहात कपडे बदलले आणि टाय घडी करून खिशात ठेवला. जाकीट घातलेली एक मुलगी त्याला सरकत्या पट्ट्यापाशी घेऊन गेली.

"या काकांच्या शेजारी उभे राहा. ते दाखवतील."

काकांनी मान वळवली. प्यो होता.

दोघांमधून पाच-सहा खोकी तशीच पुढं निघून गेली. मग प्यो हातातली चिकटपट्टी खाली ठेवून थोडा सरकला आणि त्यानं शेजारी जागा करून दिली.

"तुला पण काढलं?" क्वाकनं हळूच विचारलं. "कधी?"

"आमच्या लोकांनी घडीचा फोन सोडून दिला तेव्हाच," प्यो पुढचं खोकं ओढत म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात."