अंबिलीच्या पायाखालचं स्टूल

केरळातल्या कुट्टनाडात कुणाचं लग्न ठरलं, की फोटोत नवरीला हवेत तरंगवायचं काम फोटोग्राफर तंकच्चनकडे. तिच्याच अंगणात तिला स्टुलावर उभी करायची, माडाआडून फ्लॅश मारायचा, मग रिकाम्या अंगणाचा एक फोटो घ्यायचा आणि दोन्ही जुळवून स्टूल खोडून टाकायचं. युक्ती फुटू नये म्हणून मूळ फोटो तो लगोलग पुसून टाकी.

अंबिलीचा फोटो पाहून नवरदेवानं दुबईहून फर्मावलं, "चेट्टा, ही तर वीतभरच उडतेय! चांगली उंच न्या. आणि मागचं ते घराचं कौलारू छप्पर काढा, मोकळं आभाळ पाहिजे."

"तुझी बायको, तुझं आभाळ, माझ्या बापाचं काय जातंय?" म्हणत सकाळी तंकच्चननं तिला वर सरकवलं, मग छप्पर खोडलं आणि सवयीनं मूळ फोटो पुसला. तेवढ्यात अंबिलीच्या आईचा फोन आला.

"मोने, अरे लेकरा, काय करून ठेवलंस रे! पोरीचे पाय जमिनीला लागेनात. नुसती वर वर चाललीय! आढ्याला डोकं टेकलं म्हणून थांबली. ते स्टूल आधी परत ठेव!"

पुसलेलं स्टूल आणणार कुठून? 

"अम्मे, घाबरू नका. वर छप्पर आहे तोवर..." म्हणता म्हणता तंकच्चनची नजर फोटोतल्या मोकळ्या आभाळावर गेली.

 

"मोने," पलीकडून आई म्हणाली, "घरात एवढं ऊन कुठून आलं रे?"