दोघांसाठी चिखल

मालिशवाल्या बाईनं खुणेनंच तिला उंच खाटेवर झोपवलं आणि मानेपासून पायांपर्यंत कोमट काळा चिखल थापायला घेतला. शेजारची खाट नवऱ्यासाठी होती. परदेशवारीबरोबर जोडप्याला हे चिखलस्नान फुकट मिळालं होतं, आणि फुकटचं सोडणं त्या घराण्याच्या रक्तात नव्हतं.

नवरा अजून बाहेरच होता, रुमालानं पुसून घेतलेल्या खुर्चीवर. "हे अंगावरून पूर्ण निघतं ना?" असं त्यानं तीनदा विचारलं होतं. सोबत आलेल्या सासूबाई मात्र चिखलाच्या बादलीत डोकावून म्हणाल्या होत्या, "गुडघ्यांना बरं असतं म्हणे." बोलताना त्यांची खालची कवळी खट्‌कन वाजली. ती सुनेनंच बनवलेली. जराशी घासून द्यायची होती, तेवढ्यात नवऱ्यानं तिला नोकरी सोडायला लावली आणि ते राहूनच गेलं.

बाईनं तिच्या डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या. लगेच नाकाला खाज सुटली, आणि हात तर चिखलात! उद्या परतीचं विमान. एकदा त्या घरात पाऊल पडलं की जीभ टाळ्याला चिकटणार, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

दार वाजलं. शेजारची खाट करकरली. तिकडेही चिखल थापला गेला आणि बाई निघून गेली.

"ऐकताय ना?" ती म्हणाली. "मध्ये बोलू नका. मी दुसऱ्या शहरात नोकरी धरलीय. कवळ्या बनवायचीच. खोलीही बघून ठेवलीय. उद्या विमानतळावरून मी तुमच्याबरोबर घरी येणार नाही. उद्याही नाही, नंतरही नाही."

अकरा वर्षांत त्यानं तिचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, आणि आजच बरा गप्प! तिला भीती वाटली, पण आता थांबणं शक्य नव्हतं.

"तुम्हाला सोडताना काही वाटत नाही, खरं सांगते. जीव तुटतो तो आईंसाठी. त्यांच्यापुढे माझं तोंडच उघडणार नाही. त्यांना तेवढं तुम्हीच सांगा."

चिखलानं माखलेला एक हात चाचपडत आला आणि तिचा हात घट्ट धरून बसला. झटकावा की राहू द्यावा, तिला कळेना.

मग शेजारी खट्‌कन काहीतरी वाजलं.

"आईंना कळलं गं. आता त्याला मी सांगते."