शिळं पाणी

साईनाथने व्हॉल्वच्या लोखंडी चावीचा दांडा खड्ड्याच्या झाकणावर तीन वेळा आपटला आणि मग झाकण उचललं. खरं तर आधी व्हॉल्व उघडायचा, पाइपात पाणी आल्याची खात्री करायची आणि मग ठोके द्यायचे. पण टेकडीवरच्या बायकांना तेवढीच दहा मिनिटं जास्त मिळावीत म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्याने हा क्रम उलटा केला होता, आणि आजवर कधी बिघडलं नव्हतं.

ठोके ऐकू आले की टिटवाळ्याच्या त्या टेकडीवर एकच धांदल उडायची. पाणी चौथ्या दिवशी, तेही जेमतेम चाळीस मिनिटं. मधले दिवस बायका तांब्या-तांब्याने वापरणार, भाजी धुतलेल्या पाण्याने फरशी पुसणार, पोरांनी पेला भरून अर्धा टाकला तर पाठीत धपाटा घालणार. आणि नवं पाणी येतंय म्हटलं की जिवापाड जपलेलं ते सगळं शिळं म्हणून भडाभडा ओतून पिंपं घासायला बसणार. नळाला धार लागायच्या आत पिंप रिकामं हवं. डासांच्या अळ्या तपासायला येणारी बाईही हेच बजावून गेली होती. त्यामुळे ओतताना कुणाचा जीव खालीवर होत नसे.

साईनाथ चावी बसवून आटे मोजू लागला. बाविसाव्या आट्याला पाइप घुमतो. आज घुमला नाही. तिसाव्यालाही नाही. त्याने खड्ड्यात वाकून पाइपाला कान लावला. आत काही म्हणजे काही नव्हतं.

त्याने पंपावरच्या मयूरला फोन लावला.

"अरे, मोठी लाईन फुटलीय. रस्ता खोदताना जेसीबी लागला," मयूर म्हणाला. "दोन वाजताच ग्रुपवर टाकलेलं मी. बघितलं नाहीस?"

"कधी होईल?"

"चार दिवस तरी धर. तिकडे चावी लावू नको."

साईनाथने वर टेकडीकडे पाहिलं. पायऱ्यांच्या कडेने पाण्याचे ओघळ उतरायला लागले होते. चांगलं, नितळ, पिण्याचं पाणी. चावी खांद्यावर टाकून तो वर पळत सुटला. "ओतू नका," तो ओरडत होता. "लाईन फुटलीय. ओतू नका."

पहिल्या चाळीत उशीर झाला होता. दुसरीतही. जया दारात बसून उपडं पिंप घासत होती. तिने ऐकलं आणि हातातला काथ्या खाली ठेवला.

"मग ठोके कशाला दिले, भाऊ?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. "टँकर मागवतो," तो म्हणाला.

"टँकर खालच्या रस्त्यापर्यंत येणार. तोही नंबर लागेल तेव्हा."

तेही खरंच होतं. "कुणाकडे शिल्लक असेल का, वहिनी? कुणाकडेही?"

जयाने जरा विचार केला. "बायजामावशीकडे असेल. तिला ठोके ऐकू येत नाहीत, बहिरीय ना ती. दरवेळी मीच वर जाऊन सांगते. आज अजून गेलेच नाही. अर्धं पिंप आहे तिच्याकडे. सून कालच बाळाला घेऊन आलीय दवाखान्यातून, म्हणून राखून ठेवलेलं."

साईनाथला एकदम हायसं वाटलं. अख्ख्या टेकडीचा घसा आपण कोरडा केला, हे काही पुसलं जाणार नव्हतं. पण निदान त्या एका घरात, बाळंतिणीच्या आणि तान्ह्या बाळाच्या घरात पाणी राहिलं, तर उद्या या पायऱ्या चढायला तोंड उरेल.

"पण कुणी ना कुणी सांगेलच तिला," जया म्हणाली. "तुम्हीच जा, भाऊ. पटकन."

बायजाची खोली सगळ्यात वर, अजून साठेक पायऱ्यांवर. साईनाथ पन्नाशीला टेकलेला, आणि खांद्यावर आठ किलोची चावी. ती खाली टाकावी हेही त्याला सुचलं नाही. तो वर पोचला तेव्हा छातीचा भाता झाला होता. बायजा पायरीच्या कडेला ठेवलेल्या पिंपातून कळशी भरून घेत होती. पिंप अर्धं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच्या तोंडून शब्द फुटेना, आणि फुटून उपयोगही नव्हता. त्याने चावी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि जोरजोरात हलवली. नको, मावशी, नको.

बायजाचा चेहरा उजळला. अकरा वर्षांत तिने त्याला लांबूनच पाहिलं होतं, खाली खड्ड्यापाशी, हातात ती चावी घेऊन. चावी दिसली की पाणी, एवढंच तिला ठाऊक.

"सोडतोयस होय?" ती बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "थांब, थांब, झालंच."

साईनाथने उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करत गाठल्या. पिंप कडेलाच होतं. बायजाला ते नुसतं ढकलायचा अवकाश होता.

पाणी त्याच्या चपलांवरून खाली गेलं. तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांचा बांध घालून ते अडवायला लागला.

"जाऊ दे रे, शिळंय ते," बायजा हसली. कळशीतलंही तिने त्यावर रिकामं केलं. पिंपाच्या बुडावर थापा मारून शेवटचा थेंब निथळू दिला, पिंप नळाखाली सरळ केलं आणि पदराला हात पुसत त्याच्याकडे वळली.

"हं, सोड आता."