गेनोवेफाचं बियाणं

सकाळचं दव अजून पानांवर होतं. शेजारचा दोनात टोपी हातात धरून कुंपणापाशी उभा होता आणि काही केल्या बोलत नव्हता.

"बोल तरी, नाहीतर जा," म्हातारी गेनोवेफा म्हणाली. "कोंबड्या बिचकतायत माझ्या."

"वारा तुमच्याकडून माझ्याकडे वाहतो, मावशी."

ती समजली. तिच्या परसात भांग उभी होती, नशेची नव्हे, बियांची. त्या बिया भाजून, कुटून ती लोणी करायची आणि उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाला लॅटव्हियातलं ते अख्खं गाव काळ्या पावावर तेच लोणी फासून खायचं. आता नर झाडांच्या कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. चांगलं ऊन पडलं की पराग उडणार. उताराखालच्या दोनातच्या शेतात मात्र नुसती मादी झाडं होती, औषधी तेलासाठी राखलेली. पराग तिथवर पोचला की फुलांत बी धरणार आणि तेलाचा पार विचका होणार. अपघातानंतर त्याच्या मुलीचा, लूत्सियाचा पाय रात्रभर ठणकायचा. डॉक्टरांनी त्या तेलाचे थेंब दिले, तेवढे दिवस ती झोपली. बाटली संपली. म्हणून त्यानं हे शेत लावलं होतं.

"नर कापू म्हणतोस," ती म्हणाली. "कापले तर बी धरायचं नाही. घरात एक दाणा उरलेला नाही, सगळं पेरलंय. माझ्या आईचं बियाणं आहे हे."

"ठाऊक आहे. म्हणून तर तोंड उघडत नव्हतं."

गेनोवेफा घरात गेली. बाहेर आली ती दोन विळे घेऊन.

"राहू द्या मावशी. मी उगाच..."

"बर्फात मी ह्याच अंगणात पडले, तेव्हा धुराड्यातून धूर का दिसत नाही म्हणून धावत कोण आलं?"

"ते काय फेडून घ्यायला आलो होतो?"

"आणि मी काय फेडतेय? मी चालतेय, दोनात. स्वतःच्या पायांवर उभी राहून कापतेय. हात चालव, ऊन चढेल."

दोघं कापत गेले. ओली झाडं अलगद आडवी करून पाण्याच्या पिंपात बुडवत गेले. शेवटच्या झाडापाशी तिचा हात थबकला. दोनातनं विळा टाकला आणि फावडं उचललं.

"हे मुळासकट काढू. तुमच्या न्हाणीघरात ठेवू. शेजारी चार मादी झाडं कुंड्यांत. दार, फटी सगळं बंद. आतल्या आत बी धरेल."

"पाद्र्याला न विचारता लग्न लावतोस?" म्हणत ती हसायला लागली, आणि हसता हसता डोक्यावरच्या रुमालानं डोळे पुसायला लागली.

पराग झडून गेल्यावर त्यांनी मादी झाडं पाण्यानं धुऊन उन्हात आणली. न्हाणीघर अडलं तेवढे दिवस गेनोवेफा आंघोळीला दोनातकडे जायची आणि लूत्सिया तिची पाठ चोळून द्यायची.

पानगळीत ती रुमालाचं गाठोडं घेऊन दोनातच्या स्वयंपाकघरात आली. गाठ सोडली. आत जेमतेम दोन मुठी करडे, चकचकीत दाणे होते. तिनं त्यांचे दोन ढीग केले आणि एक त्याच्याकडे सरकवला.

"पुढच्या साली मी तळ्यापलीकडे पेरते, बहिणीच्या रानात. तिकडून तुझ्याकडे काही यायचं नाही. पण हे तुझ्या घरात असू दे. माझ्या घराचं, माझं काही झालं, तर आईचं बियाणं राहील."

"माझ्या घरात? भांगेचं बी?"

"तुझ्याच."

दोनातनं कपाटातली सर्वांत चांगली बरणी काढली, पुसली, पुन्हा एकदा पुसली आणि एकेक चिमूट आत सोडली.

हे सगळं बोलणं त्यांनी कुजबुजत केलं. पलीकडच्या खोलीत लूत्सिया नव्या तेलाचे थेंब घेऊन भर दुपारी गाढ झोपली होती.