पाच श्रोत्यांची अट

"कुणी हलू नका," असं म्हणत पोरीने लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि त्याचं तोंड श्रोत्यांकडे फिरवलं. स्वतः ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

अटच तशी होती. कॉलेजच्या उन्हाळी ऑनलाइन वर्गाच्या सरांचं म्हणणं, भाषण कसं झालं ते बोलणाऱ्याच्या नव्हे, ऐकणाऱ्यांच्या तोंडावर दिसतं. म्हणून शेवटच्या परीक्षेत कॅमेरा श्रोत्यांवर, आणि श्रोते किमान पाच. लाँड्रीत घरचे चारच भरले: बाबा, आई, काका, आत्या. पाचवा म्हणून कोट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवलं होतं. "कोट तयार आहे," काकांनी त्याला समजावलं, "पण भाषण झाल्यावर मिळेल."

"काय शिकतेस गं?" गिऱ्हाइकाने आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

पोरीने तोंड उघडलं.

"कॉमर्स," बाबा म्हणाले. "भाषणाच्या विषयात गचकली. आज पास झाली तर ठीक, नाहीतर कॉलेज बंद. उद्यापासून इथे काउंटरवर."

पोरीने तोंड मिटलं. कॉलेजच्या परीक्षेत ती मंचावर चढली होती आणि खाली उतरली होती. मधे काहीच घडलं नव्हतं. म्हणून तर हा उन्हाळी वर्ग. त्यातही ती सगळा उन्हाळा माइक बंद ठेवून बसली. सरांनी काही विचारलं, की उत्तर टाइप करायची.

"मधेच टिंगटिंग नको," म्हणून काकांनी लॅपटॉपचा आवाज घालवला. आईने वाफेची इस्त्री बंद केली. दांडीवरचे कपडेसुद्धा श्वास रोखून लटकले.

"सर, मी आता—"

"सुरू करतेय," बाबा म्हणाले.

विषय होता पाणीबचत. हा विषय लाँड्रीवाल्यांपुढे घ्यायला नको होता, हे तिला आत्याच्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळलं. गिऱ्हाईक कोटाकडे टक लावून बसलं होतं. बाबांनी घड्याळ पाहिलं. आणि तिला पुढचं वाक्य आठवेना.

बाबांनी पुढचं वाक्य पुरवायला तोंड उघडलं. तिचा सराव ऐकून ऐकून भाषण त्यांचंच पाठ झालं होतं.

"नको," ती म्हणाली. "बाबा, नको."

आत्याने घाईघाईने चष्मा चढवला.

"माझं प्रत्येक वाक्य तुम्ही संपवता. डॉक्टर मला विचारतात कुठं दुखतंय, आणि सांगता तुम्ही. त्या दिवशी मंचावर मी घाबरले नव्हते, बाबा. मी अर्ध्यावर थांबले आणि सवयीने वाट बघत राहिले. तुम्ही तिथे नव्हतात."

मग ती थांबेचना. पाणीबचत राहिली बाजूला. काउंटर नको असं नाही, पण आपलं म्हणणं शेवटापर्यंत न्यायला आधी शिकायचंय, असं काय काय ती बोलत गेली. आत्याने चढवलेला चष्मा काढून पुसायला घेतला. गिऱ्हाईक कोट विसरलं. बाबांकडे बघायची तिची छाती झाली नाही.

काकांचं लक्ष मात्र पडद्यावर होतं. "सर भलतेच रंगलेत," ते आईच्या कानाशी कुजबुजले. "दोन्ही हात हलवताहेत." त्यांनीही सौजन्य म्हणून हात हलवला.

भाषण संपलं. कुणी टाळी वाजवली नाही. पोरीने लॅपटॉप आपल्याकडे फिरवला. सर खुर्चीतून उठून कानाकडे बोट दाखवत होते. कोपऱ्यात माइकच्या चित्रावर लाल रेघ होती. सगळा उन्हाळा होती, तशीच.

तिने माइक चालू केला, आवाज चालू केला.

"एक अक्षर ऐकू आलं नाही!" सर म्हणाले. "मी मघापासून ओरडतोय, आणि ते गृहस्थ मला टाटा करताहेत!"

काकांनी हात खिशात घातला.

"सर, मी..." पोर म्हणाली. या वेळी तिचं वाक्य कुणी पुरं केलं नाही.

"आवाजाचे गुण शून्य," सर लिहिता लिहिता म्हणाले. "पण चेहरे मी नीट पाहिलेत. मधले गृहस्थ आधी घड्याळ बघत होते. नंतर त्यांनी ते मनगटावरून काढलं आणि उलटं करून मांडीवर ठेवलं. श्रोत्यांचे गुण पैकीच्या पैकी. काठावर पास."

आईने सुस्कारा सोडला. गिऱ्हाईक तरीही उठलं नाही.

सर पडद्याजवळ सरकले. "फिरव पुन्हा तिकडे. अहो, मधले गृहस्थ, तुम्ही तरी सांगा. बोलली काय ती एवढं?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी घसा खाकरला.

"ती म्हणाली, की—" त्यांनी सुरुवात केली, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून पोरीकडे बघत थांबले.